कार्मेनमातेची बोट आणि माझा रेग्युलेटर

३ जुलै
आज नावाड्यांची बैठक. ठरलं! सोळा तारखेच्या मिरवणुकीत कार्मेनमातेची, आम्हा नावाड्यांच्या मातेची, मूर्ती माझ्या बोटीतून निघणार. टाळ्या पडल्या. मेहुण्याने, फिदेन्सियोने, वाजवल्या नाहीत. हातात बिअर होती म्हणून सोडून दिलं.

एनेइदाला घरी येऊन सांगितलं तर ती रडली. गेल्या वर्षी मी दोन दिवस समुद्रात होतो, तेव्हा तिने नवस बोलला होता : नवरा जिवंत परत आला तर मातेला आमच्याच बोटीतून फिरवीन. गाव म्हणतं, मोटर बंद पडून मी वाहून गेलो. मी मासे शोधत होतो. मासे त्याच दिशेला होते.

५ जुलै
बोटीवर दिव्यांची माळ लावून पाहिली. मोटर चालू करताच अर्धे दिवे फुटले. ताकदीची मोटर आहे! बॅटरी तापली, सडक्या अंड्यासारखा वास सुटला. फिदेन्सियो धक्क्यावरूनच ओरडला, दाजी, चार्जिंगचा रेग्युलेटर गेला, बॅटरीत करंट जास्त जातोय, नवा मागवा, मी बसवून देतो.

मी बसवून देतो म्हणे! दोन बोल्ट आणि चार वायरींचं काम. ठराव : फिदेन्सियोला माझ्या मोटरीला बोट लावू द्यायचं नाही.

६ जुलै
ब्वेनावेन्तुरा बंदरातल्या दुकानाला निरोप धाडला. रेग्युलेटर मालाच्या बोटीने येईल. तोवर रंगकाम. मातेसाठी बोट सगळेच रंगवतात, बाहेरून. मी मोटरही रंगवणार, आतूनसुद्धा. मातेला सगळं दिसतं.

८ जुलै
रंग झाला. आकाशी. जुना रेग्युलेटर काढला आणि त्या जागेवर तर तीन हात दिले. पाद्रे आन्सेल्मो बघून गेले. म्हणाले, बाळा, मोटरीच्या आत कोण डोकावणार आहे? म्हटलं, पाद्रे, हाच तर फरक आहे माझ्यात आणि इतरांत.

११ जुलै
नवा रेग्युलेटर आला. सोबत सूचनांचा कागद होता, त्यावर केळी तळून ठेवली. तेल छान शोषतो. बोल्ट आवळताना नव्या रंगावर ओरखडा उठायला लागला. लगेच जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून मध्ये घातले. असं डोकं गावात दुसऱ्या कुणाला नाही.

१२ जुलै
मोटर चालवली. एकही दिवा फुटला नाही. बॅटरी थंडगार. वास नाही. संपूर्ण यश!!

फिदेन्सियो मीटर घेऊन हजर. दाजी, चार्जिंग येतंय का एवढंच बघतो. म्हटलं, मीटर भित्र्यांना लागतो. एनेइदा म्हणाली, बघू दे की त्याला, तुझं काय जातंय? काय जातंय ते बायकांना कळत नाही.

१४ जुलै
मिरवणुकीची तालीम. दिवे जरा मंद. मंद उजेड मातेला शोभतो. मोटर चावीच्या तिसऱ्या झटक्याला लागली. हवा दमट आहे.

एनेइदाने विचारलं, हाताने ओढून चालू करायची दोरी आहे ना बोटीत? आहे म्हटलं. आहेच. फुलांची कमान बांधायला दोर कमी पडला म्हणून तीच कापून बांधली. चावीच्या मोटरीला दोरी म्हणजे डोळसाला काठी.

१६ जुलै, सकाळ
बोट नवरीसारखी दिसतेय. फिदेन्सियोची बोट आमच्या मागे राहणार. मागेच राहू दे.

१६ जुलै, घरी आल्यावर
लिहावंसं वाटत नाही.

दिवस मावळताना खाडीच्या मध्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मोटरी बंद केल्या. न परतलेल्यांची नावं पाद्रेंनी वाचली, हार पाण्यात सोडला. एनेइदा मातेला धरून उभी होती. गेल्या वर्षी त्या नावांत माझंही घालायला निघाले होते.

मग सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या. मी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. दिवे विझले. कर्ण्यातली प्रार्थना घोगरी झाली आणि अर्ध्यावर थांबली. ओहोटी आम्हाला बाहेर ओढायला लागली. त्याच दिशेला.

एनेइदा म्हणाली, दोरी ओढ. मी कमानीकडे बघितलं. तिनेही बघितलं. एका हाताने मातेला धरलं होतं, दुसऱ्या हाताने माझा शर्ट धरला. मला भीती वाटली. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो : फार वाटली.

शेवटी मीच हाक मारली. फिदेन्सियो!! किनाऱ्यापर्यंत ऐकू गेली म्हणतात. त्याने दोर टाकला, बोट ओढून आणली. सगळ्यांच्या शेवटी, अंधारात, माता आली.

१७ जुलै
फिदेन्सियोने मोटरीचं झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत राहिला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, दाजी, रेग्युलेटरची पाठ उघड्या धातूला टेकावी लागते, त्याशिवाय चार्जिंग होत नाही. तुम्ही मध्ये रंग भरलात. वर चप्पल.

स्वयंपाकघरातल्या सुरीने त्याने रंग खरवडला. चपलेचे तुकडे एनेइदाच्या हातात दिले. त्याच्या घरची बॅटरी लावून चावी फिरवली, पहिल्या झटक्याला सुरू. मीटरचा काटा चढला. भर दुपारी सगळे दिवे लागले. मी म्हटलं, रंगच हलका निघाला. एनेइदाने हातातले चपलेचे तुकडे माझ्यापुढे धरले.

पाद्रे म्हणाले, बोट तुमचीच होती, नवस फिटला. एनेइदाने तिथेच दुसरा बोलला : नवऱ्याने पुन्हा मोटरीला हात लावला नाही, तर दरवर्षी अनवाणी देवळापर्यंत चालत जाईन. माझे सगळे पाने-पकडी तिने भावाच्या पिशवीत घातले.

मला ब्रश ठेवलाय. उद्या पाद्रेंच्या दाराला आकाशी रंग द्यायचाय. बिजागऱ्यांना लावू नकोस, असं एनेइदाने दोनदा सांगितलं.