सालीची जाडी आणि 'हिंसक' हा शेरा

प्रति,
मा. अधीक्षक,
मनोरुग्णालय (बंद विभाग).

विषय : अर्जदाराच्या धाकट्या भावाच्या कागदांवरील 'हिंसक' हा शेरा रद्द करून त्याला घरच्यांच्या ताब्यात देणेबाबत.

संदर्भ : मेंदूच्या सालीची जाडी कमी भरल्यामुळे त्यास कायम कोंडून ठेवण्याचा आपला आदेश.

महोदय,

अर्जदार ही आपल्याच रुग्णालयाच्या एमआरआय कक्षात मोजणीचे काम करते. तिचा भाऊ गोदामात माल चढवणारा. घरात त्याला ढोल्या म्हणतात, कारण तो बसला की खुर्ची रडते. त्याने मुकादमाचा जबडा मोडला हे अर्जदार नाकारत नाही. मुकादमाने एका हमालाच्या खांद्यात पोती ओढायचा आकडा खुपसला, तेव्हा मोडला. त्यावरून त्यास तपासणीसाठी आपल्याकडे पाठवण्यात आले.

१. मेंदूच्या चित्रावर सॉफ्टवेअर दोन रेषा आखते. वरची करडी साल जिथे सुरू होते तिथे एक, संपते तिथे दुसरी. मधले अंतर म्हणजे सालीची जाडी. डोके हलले की चित्र फरफटते, रेषा चुकीच्या जागी पडतात आणि धडधाकट साल पातळ भरते. अशी चित्रे आम्ही नजरेने तपासून बाद करतो. बंद विभागाची चित्रे मात्र बाद करायची नाहीत असा आपल्याकडे प्रघात आहे, कारण त्या रुग्णांना पुन्हा यंत्रात घालायला कोणी धजत नाही.

२. पहिल्या खेपेस भाऊ आपणहून आडवा झाला होता. त्याचा देह पाहून पहारेकऱ्यांचीच गाळण उडाली. धातू आत चालत नाही म्हणून त्यांनी पट्टे-बिल्ले बाहेर काढून ठेवले आणि उरलेले काम गुडघ्यांनी केले. बरगडी मोडलेला माणूस श्वास घेतानाही हलतो. कपाळामागची साल पातळ भरली, आणि रागाला आवर घालणारा भाग झिजल्याचा अहवाल निघाला.

३. अर्जदाराने फेरतपासणी मागितली व ती मिळाली. पण आता तो कागदोपत्री हिंसक होता, म्हणून पहारेकरी वाढले आणि मारही वाढला. साल आणखी पातळ भरली. 'रोग बळावत आहे' असे लिहिले गेले. "सॉफ्टवेअर काय तुमच्या भावाचा वैरी आहे का?" असे म्हणून कक्षप्रमुखांनी अर्जदाराची बोळवण केली. भेटीच्या वेळी भाऊ फुटलेल्या ओठांनी एवढेच म्हणाला, "ताई, मी नाही गं हलत. तेच हलवतात."

४. म्हणून अर्जदार स्वतः यंत्रात झोपली व मुद्दाम मान हलवत राहिली. तिची साल भावापेक्षाही पातळ भरली. आपल्या नियमाने तिलाही कोंडावे, तिची तक्रार नाही. मग ती निश्चल पडून राहिली, तर साल उत्तम भरली. त्या वेळी तिच्या मनात पहारेकऱ्याचे दात पाडण्याखेरीज दुसरे काहीही नव्हते, हेही नोंदवून घ्यावे.

५. काल तिसरी तपासणी झाली. भावाचा हात धरून उभी राहते, तो हलणार नाही, अशी विनंती अर्जदाराने केली होती. ती नामंजूर झाली. पहारेकऱ्यांनी त्याला बाहेरच्या बोळातच गळा आवळून शांत केले आणि बेशुद्ध अवस्थेत यंत्रात सरकवले. चित्र आरशासारखे स्वच्छ आले. दोन्ही रेषा जिथल्या तिथे बसल्या. अर्जदाराने स्वतः मोजले, साल चारचौघांइतकीच जाड आहे. तिची मोजणी पुरी होईपर्यंत पलीकडच्या खोलीत त्याचा श्वास थांबला होता.

मृत्यूच्या दाखल्यावर आपण 'हिंसक रुग्ण, झटापटीत मृत' असे लिहिले आहे. आपल्याच मापाने तो हिंसक नव्हता. तरी तो शब्द आधी खोडावा आणि मग देह आमच्या हवाली करावा, ही विनंती. घरी आई विचारते आहे. तिला अजून इतकेच सांगितले आहे की या वेळी मोजणी बरोबर आली.

उत्तर आजच मिळावे या अपेक्षेत,

अर्जदार
(सही)
मयताची थोरली बहीण

दिनांक : तिसऱ्या तपासणीनंतरचा दिवस, सकाळ

सोबत : भावाची तिन्ही चित्रे, अर्जदाराची दोन.