टिकली लावलेलं बटण

नार्वे, डिचोली
आयतार, दुपार

प्रिय शुभांगी,

अनेक आशीर्वाद. आधी तुमच्या घरची विचारपूस करतो, मग आमचं सांगतो. शंकररावांचं डायलिसिस पूर्वीसारखंच चालू आहे ना, की वाढवलं? त्यांना म्हणावं, पाणी मोजून प्या, डॉक्टरांचे शब्द मोजू नका. तुझ्या सासूबाई कानातलं यंत्र कानात लावतात की अजून उशीखालीच ठेवतात? पल्लवीची कंबर कशी आहे? स्वप्नीलची रात्रपाळी सुटली का? आणि तुझे गुडघे? तू स्वतःचं दुखणं कधी लिहीत नाहीस, म्हणून तुझं शेवटी विचारलं. निदान शेवटच्या प्रश्नाचं तरी उत्तर येईल.

आमच्याकडे तुझी बाय, विमल, जेवते-खाते, काठी धरून दारापुढच्या बाल्कांवापर्यंत येते, आयतारी देवळातली घंटा ऐकू आली की डावा हात कपाळाला लावते. उजवा हात अजून निजलेलाच आहे. गणपतीच्या चवथीनंतर तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू बेळगावहून धावत आलीस, पण तेव्हा ती ग्लानीत होती. आता ती पूर्ण शुद्धीत आहे. तिला सगळं कळतं. माझ्या लुंगीचं टोक लोंबलेलंही दिसतं. फक्त बोलायला गेली की तोंडातून एकच शब्द बाहेर पडतो, 'आता'. भूक लागली तरी आता, पंखा हवा तरी आता, माझा राग आला तरी आता. लिहिणं-वाचणंही त्याच झटक्यात गेलं. बांबोळीच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, वाट बुजली आहे.

तू दर शुक्रवारी फोन करायचीस. विमल म्हापशाच्या बाजारातून आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी तुम्ही दोघी सुरू. बांगड्या-नुस्त्याचे भाव, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, आणि मग तुम्हा बहिणींच्या पेडण्याच्या माहेरच्या त्याच त्या गोष्टी. चहा निवून जायचा आणि मी कुरकुरायचो. आता शुक्रवारी ती फोन मांडीवर घेऊन उघड्या जनेलाशी बसते. तुझा फोन का बंद झाला ते मला ठाऊक आहे गो. तू म्हणायचीस, 'बाय, बोल ना गो', ती म्हणायची, 'आता, आता', आणि मग दोन्हीकडून नुसतं रडणं. तुला दोष देत नाही. माझ्या छातीवरही तो धोंडा बसतोच. पण शुक्रवार काही यायचा थांबत नाही.

आता एक गंमत सांगतो. तुझ्या स्वप्नीलने नवा घेतल्यावर जुना कॉम्प्युटर मला दिला होता ना, लिनक्सवाला? तो मी बातम्या वाचायला वापरायचो. फोनवरची ती हसरी-रडकी चित्रं बघून एकदा मनात आलं की शब्दांची वाट बुजली तर बुजली, चित्रांची असेल उघडी. फोनवर विमलला दाखवली तर मुंगीएवढी चित्रं, तिचं बोट थरथरतं, दाबायला जाते एक आणि लागतं भलतंच. म्हटलं, मोठ्या पडद्यावर आणू. खाणीवर जन्मभर टिप्पर उघडून जोडले, त्यासाठी कुणी शाळेत घातलं नव्हतं. इंजिनाला घाबरणाऱ्याने पाना हातात धरू नये.

पण हे इंजिन निराळं निघालं. व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर उघडलं, तर चित्रांच्या जागी नुसते रिकामे चौकोन, खिडक्या लावायच्या राहून गेलेल्या घरासारखे. इंटरनेटवर शोधलं तेव्हा समजलं, रंगीत चित्रांचा फाँटच त्याच्यात नव्हता. तो घातला, चौकोन भरले. मग चित्रं निवडायचं एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो उघडायला तीन बटणं एकदम दाबावी लागत. एका हाताचं माणूस तीन बटणं कशी दाबणार? सेटिंगमध्ये शिरलो आणि ते काम कीबोर्डवरच्या कोपऱ्यातल्या एका बटणाला दिलं. दाबलं की चित्रांसोबत इंग्रजीतलं मदतीचं पानही उघडायचं. न मागता मदत करणारे आपल्या गावात काय कमी आहेत! ते सोडून शेजारचं बटण धरलं, ते रिकामं होतं. विमलला ते ओळखू यावं म्हणून तिच्याच पाकिटातली एक लाल टिकली त्यावर चिकटवली. चित्रांचा आकार मोठ्यात मोठा केला. नेहमी लागणारी चित्रं आपोआप वरच्या ओळीत येतात, ती सोयही चालू केली. फक्त एक अडचण राहिली. चित्र निवडलं की ते नुसतं उचललं जातं, व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत ठेवायला आणखी दोन बटणं लागतात. तेवढं मी करतो. पाठवायचं बटण मात्र तिचं, त्याला मी हात लावायचा नाही, असं ठरलं.

पहिल्या दिवशी तिने टिकलीला बोट लावलं आणि पडदा भरून चित्रं आली, तेव्हा जत्रेतल्या दुकानापुढे उभी राहिल्यासारखी बघत राहिली. जोडलेल्या हातांचं चित्र वेगवेगळ्या वर्णांत मिळतं. आपला डावा हात पडद्याला लावून, साडीला ब्लाउजपीस जुळवावा तसा तिने रंग जुळवला. मग शोधत शोधत पावाच्या चित्रावर थांबली आणि माझ्याकडे डोळे वटारले. तेवढ्यात वाटेवर पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला. तिने दाराकडे बोट केलं, पुन्हा पावावर ठेवलं. शुभांगी, तिला चहात बुडवून उंडो खायचा होता! आणि मी सोसवेल म्हणून इतके दिवस पेज भरवत होतो. धावत जाऊन उंडे आणले. खाताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला मात्र कोंबड्याचं चित्र मिळालं, कारण मी पहाटे उठून भांडी वाजवतो. लग्नापासूनची तक्रार, पण अशी कोंबड्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

त्यानंतर गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी ती फोन न घेता कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या तुझ्या फोटोवर बोट ठेवलं आणि टिकली दाबली. प्राण्यांच्या पानावर पुष्कळ वेळ शोधून तिने हत्ती काढला, मग आणखी एक. मी म्हटलं, हत्ती कसले गो? तिने एका हत्तीवर बोट ठेवून हात आपल्या छातीला लावला, दुसऱ्यावर ठेवून तुझ्या फोटोला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नानंतरच्या पहिल्या पुनवेला तिने मला पेडण्याला भगवतीच्या देवळात नेलं होतं आणि दारातल्या दोन दगडी हत्तींपाशी उभं करून ओळख करून दिली होती, हा माझा, तो शुभांगीचा. देवीच्या आधी हत्तींना नमस्कार. मी हसलो होतो, तर रागावून दिवसभर बोलली नव्हती. आता तेच दोन हत्ती तिने शेजारी शेजारी उभे केले आणि पाठवायचं बटण स्वतः दाबलं. इतक्या महिन्यांत तिने तुझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते तू पाहिलंस ह्याच्या दोन निळ्या खुणा दिसेपर्यंत ती पापणी न लववता बसली.

तुझं उत्तर लगेच आलं. गाढवाचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, 'हत्तीण कुणाला म्हणता भावोजी? बायची तिथे ही दशा, आणि तुम्हाला मस्करी सुचते!' मी सवयीने मोठ्याने वाचायला लागलो आणि मध्येच थांबलो, पण तिने ऐकलंच. चूक तुझी नाही. नंबर माझा, फोटो माझा, आणि तुझ्या लग्नापासून तुझ्या जाडीवरून तुला चिडवणाराही मीच. भावोजीकडून हत्ती आला तर मेव्हणी दुसरं काय समजणार? तुला खरं सांगायला फोन केले, तू उचलले नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं तर तेही मस्करीच वाटेल अशी भीती वाटली, म्हणून हे टपालाने. त्या दिवसापासून विमलने टिकलीला बोट लावलेलं नाही. पाव हवा तरी लावत नाही. मी समोर नेऊन बसवतो, ती तोंड फिरवते. मला तिचा राग परवडतो, कोंबडाही परवडतो, हे गप्प होणं परवडत नाही. तू येऊ शकत नाहीस हे मला माहीत आहे, शंकररावांना सोडून कशी निघशील? पण पत्र मिळताच उत्तर दे, उशीर करू नकोस. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, तेव्हा चित्रं पाठव, तुम्हा दोघींनाच कळतील अशी, मला नाही कळली तरी चालतील. आणि चित्रांच्या आधी तुझा आवाज भरून पाठव. रडू आलं तर येऊ दे. फक्त सुरुवात 'भावोजी' अशी करू नकोस, 'बाय' अशी कर.

तुझाच,
सगुण