सरकीचा गुलाबी

४ जुलै
पहिलीच्या पोरांना निळ्यात पिवळा कालवून दाखवला. हिरवा झाला तसा वर्गात नुसता कालवा. साक्षी म्हणे, "बाई, जादू करून राहिल्या का तुमी?" ब्रश सगळे पिंजारलेले. ओठांत धरून टोक काढायला शिकवलं, आमचे चित्रकलेचे सर काढायचे तसं. रंगाची लाल वडी संपली. घरी सापडेल तो रंग आणा म्हटलं.

५ जुलै
कुंकू आलं, गेरू आला. साक्षीने बाटलीत लख्ख गुलाबी पाणी आणलं. निळ्यात घातलं तर काय जांभळा! विकतच्या रंगांत असा नाही. कौतुकाने तिलाच पुढे बसवलं. स्वारी फुशारली, बाटलीला कोणाला हात लावू देईना. तासभर वांगीच रंगवत होती.

५ जुलै, दुपारी
सुट्टीत साक्षी ओकली. लाळ गळतेय, मान टाकलेली. ओठांवर तोच जांभळा रंग.
"बाटलीतला रंग कशाचा गं?"
"सरकी भिजू घातली, बाई. मायनं दुबार पेरणीले ठेवली होती थे."
कपाशीच्या बियाण्याला किडीचं विष चोळलेलं असतं. कोणी खाऊ नये म्हणून तर त्याला रंग देतात! मी शेतकऱ्याची मुलगी, मी विचारलंसुद्धा नाही. जीप थांबवून दर्यापूरच्या दवाखान्यात आणलं. वाटेत माझ्या मांडीवर ती... नाही लिहवत.

६ जुलै
सलाईन. डॉ. म्हणतात, आज काहीच सांगता येत नाही. सरकीचं त्यांना कालच सांगितलं. तोंडात कशी गेली, त्यांनी आज विचारलं तर म्हटलं, मुलं ब्रश चाटतात. एवढंच. माझ्या तोंडून हे निघालं?
बाकी पोरं बरी आहेत. घरोघर जाऊन पाहिलं.

८ जुलै
साक्षी उठून बसली. बिस्कीट खाल्लं. मी वॉर्डात सगळ्यांदेखत रडले. तिची आई माझ्या पाया पडायला लागली. "तुमी होत्या म्हून पोरगी वाचली, बाई." मग पोरीवर उखडली, "ब्रश तोंडात काहून घातला वं? कोणं शिकवलं तुले?"
साक्षीने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.
"कोणंच नाई. म्याच घातला."
सहा वर्षांची पोर. मी तोंड उघडलं नाही. बाहेर बाकावर येऊन बसलेय. तिची आई अजून आतच आहे.