आत्याचा मान

खामगाव, रविवार रात्र

...आणि मले वाटलं होतं, आत्या हार्मोनच्या गोळ्यांवरून भांडल! ताई आधी माझा दादा होती; वर्षभरापासून अकोल्याच्या डॉक्टरची ट्रीटमेंट चालू आहे. पण सोनाळ्याहून आलेली आत्या दारातूनच ओरडली, "काऊन वं, नाव स्वतःच ठेवलं? मी मेली काय?"

बारशात कानात नाव सांगायचा मान आत्याचा ना. उद्या कलेक्टर ऑफिसच्या ट्रान्सजेंडर सर्टिफिकेटसाठी ऑनलाइन अर्ज भरायचा आहे. त्यात ताईनं निवडलेलं 'रिया' जाणार, मग तेच आधारवर, हॉस्पिटलच्या कागदांवर. मी लगेच लेक्चर सुरू केलं. कायदा, हक्क, सेल्फ-आयडेंटिटी, सगळं.

"कायदा कानात नाव सांगते काय?" आत्या म्हणली.

ताईनं हसत केस मागे घेतले आणि कान पुढे केला. आत्या वाकली. मी आणि आईनं रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्के घातले, जरा जास्तच. "अवं, जीव घेता काय माहा!"

नाव निघालं शोभा. शोभा! मी हसणारच होती, तर ताई रडत होती. कितीतरी वेळ तो कान हातानं झाकून बसली, जसं काही नाव सांडून जाईल.

झोपताना मले म्हणली, "तूच सांग, कोणतं टाकू?" रिया तिनं किती वर्षं एकटीनं मनात जपलं. पण शोभा म्हणून आत्यानं तिले घरची पोरगी केलं. अजून कान झाकूनच झोपली आहे येडी.

डायरी, तुले काय वाटते, अर्जात कोणतं नाव टाकू?