‘बालाघाटचे सर्व मित्र’ या ओळीतल्या सुनंदाताईस

प्रिय सुनंदाताई,

पत्र लिहायची सवय मला कधीच नव्हती, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तू दहा-दहा ओळींचे मेसेज पाठवायचीस आणि मी नुसता अंगठा दाखवून मोकळा व्हायचो. आज मात्र तुझ्याच घरी, तुझ्याच टेबलावर बसून लिहितो आहे. मावशी आत तांदूळ निवडते आहे. मध्येच मान वळवून पाहते, की मी लिहितोय की नुसता बसलोय.

काल इथं माझा सत्कार झाला. हो, माझा! शाल, श्रीफळ आणि पाठीमागे भिंतभर फ्लेक्स, ‘बालाघाट का गौरव’. फ्लेक्सवर आपल्या ‘खालचं पाणी’ गेमचं चित्र होतं. कळशी घेऊन बावडीच्या पायऱ्या उतरणारी ती मुलगी आणि वळणावर तिला दिसणारा तो दिवा. तुझा दिवा, ताई. आणि त्याच्याखाली माझं नाव.

कार्यक्रम सगळा हिंदीत होता. सूत्रसंचालन करणाऱ्या कॉलेजातल्या मॅडमनी विचारलं, की सर, मोठमोठे गेम डायरेक्टर आपल्या टीमला पुरेसं श्रेय देतात का? मी काय उत्तर दिलं असेल सांग! मी खुर्चीत पुढे सरकलो आणि त्या नामवंतांना यथेच्छ झोडपलं. राबतात शेकडो माणसं आणि खोक्यावर नाव एकाचं, मुलाखती एकाच्या, हारतुरे एकाला, असं बरंच काही बोललो. गेम कधी एकट्याचा नसतो, असंही म्हणालो. काय टाळ्या पडल्या!

मावशी तिसऱ्या रांगेत बसली होती. तिचे हात पदराखालीच होते.

घरी आल्यावर तिनं चहा दिला, माझी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि समोर बसली. “तू बोलला ते चांगलं बोलला,” ती म्हणाली. “पण मंग आमच्या सुनंदाचं नाव काहून नोतं रे त्या गेममंदी?”

गेलं दीड वर्ष मी ज्या प्रश्नाला घाबरून या घरी यायचं टाळलं, तो तिनं इतक्या साध्या आवाजात विचारला. तिला सांगायला जीभ रेटली नाही ते आधी तुला सांगतो.

सुरुवात तुझ्या या अंगणातच झाली ना? मी दिवाळीला लॅपटॉप घेऊन आलो होतो. बावडीत उतरायचा गेम, सात मजले, तळाला पाणी. कल्पनेवर मी भलताच खूश होतो. पण जो खेळायचा तो पहिल्याच मजल्यावर हरवायचा आणि कंटाळून उठायचा. तू तेव्हा खाणीच्या ऑफिसात नकाशे काढायचीस. माझ्या खांद्यावरून पाच मिनिटं पाहिलंस आणि फिस्सकन हसलीस. मला केवढा राग आला होता!

दुसऱ्या दिवशी तू खडू घेऊन आलीस आणि माझा पहिला मजला अंगणात काढलास. पायऱ्या, वळणं, ओटे, सगळं मापात. मग मावशीच्या हातात कळशी दिलीस आणि म्हणालीस, चाल. मावशीनंतर मावसाजी चालले, मग शेजारच्या कांताबाई. तू स्टुलावर बसून ग्राफच्या वहीत पेन्सिलनं ठिपके देत होतीस. जिथं जिथं चालणाऱ्याचा पाय अडला तिथं ठिपका. तिघांचे ठिपके जवळजवळ एकाच जागी पडले होते.

“पाह्य,” वही माझ्यापुढे धरून तू म्हणालीस, “जिथं माणूस थबकते तिथं दिवा ठेव. बाण दाखवू नको. बाण दाखवला का माणसाले आपला अपमान झाल्यासारखं वाटते.”

पुढे जगभर ज्याचं कौतुक झालं ते हेच वाक्य. मी ते इतक्या मुलाखतींत बोललो आहे की आता माझ्या तोंडात ते सवयीचं झालंय. फक्त ‘आमची सुनंदाताई म्हणायची’ एवढे तीन शब्द त्याच्या आधी कधी आले नाहीत.

पुण्याला मीच तुला आणलं. आठवतं, आपल्या ऑफिसच्या इमारतीत पार्किंगच्या फरशीवर तू खडूनं मजले काढायचीस, आणि वॉचमन रामदीन कटकट करत बादलीभर पाणी ओतायचा? आठवड्याभरानं तोच कळशी घेऊन चालायला लागला! पोरं हसायची तुला. कॉम्प्युटरच्या जमान्यात खडू कशाला, म्हणायची. पण ज्या मजल्याला तू खडू लावला नाहीस, तो एकही शेवटपर्यंत टिकला नाही. सात मजले, सात वह्या, दोन वर्षं.

आता वाईट भागाकडे येतो.

अमोल आठवतो ना तुला? पाण्याच्या हालचालीवर वर्षभर काम करणारा, कमी बोलणारा. तो मध्येच दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा मी किती तणतणलो होतो! त्याच रागात सगळ्यांसमोर नियम केला, की जो गेम पुरा होईपर्यंत राहील त्याचंच नाव यादीत येईल. तू एकटी बोललीस. “जाणारा काय आपलं काम झोळीत घालून घेऊन जाते का रे? पाणी तं त्याचंच वाहून राह्यलं ना.”

मी म्हणालो, ताई, तुला यातलं कळत नाही. असं म्हणालो मी तुला! त्या वाक्याची आजही लाज वाटते.

मग तुझ्या किडन्यांनी दगा दिला. गेम यायला पाच महिने असताना तू बालाघाटला परतलीस. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि दवाखान्याच्या बाकावरूनही तू मला मजल्यांच्या चुका कळवत होतीस. त्या पाच महिन्यांत तुझे किती मेसेज आले आणि त्यातल्या किती सूचना मी मुकाट्यानं गेममध्ये घातल्या!

शेवटी नावांची यादी माझ्यासमोर आली. यादी करणाऱ्या स्मितानं विचारलं, सुनंदाताईंचं काय करायचं? मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. घरच्या माणसाला सवलत दिली असं कोणी म्हणायला नको.

किती छान वाटलं होतं मला ते बोलताना! अगदी न्यायी माणूस. खरं सांगू? मजल्यांच्या रचनेपुढे तुझं नाव आलं असतं तर माझं तिथं शोभलं नसतं. आणि मला तिथं माझं नाव हवं होतं. एवढंच होतं ते. नियम नुसता हाताशी होता.

तरी मन खात होतं म्हणून मी आभारांत एक ओळ टाकली, ‘बालाघाटचे सर्व मित्र’. चहावाला आणि घरमालक यांच्या मधोमध.

हट्टा गावच्या त्या बावडीचंही कबूल करून टाकतो. प्रत्येक मुलाखतीत मी सांगतो, की लहानपणी मी हट्ट्याच्या बावडीत उतरलो, खालच्या अंधारात भ्यालो आणि वरून कोणीतरी दिवा दाखवला. कोण उतरलं होतं गं? तू! दिवा मावसाजींनी दाखवला होता तुला. मी वर झाडाखाली शेंगा खात बसलो होतो, खाली यायला रडून नकार दिला होता. पहिल्यांदा हा किस्सा चुकून माझा म्हणून सांगितला गेला. दुसऱ्यांदापासून चूक नव्हती.

तू ते वाचलं असशीलच. मग बोलली का नाहीस? एक फोन करून शिव्या घालायच्या होत्यास! मी रागावलो असतो, भांडलो असतो, पण तुझ्या हयातीत काहीतरी केलंही असतं. तू गेम संपवून फोन केलास तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो, आता नावाचं काढेल म्हणून. आणि तू काय बोललीस? “तिसऱ्या मजल्यावरचा दिवा दोन पायऱ्या वर गेला रे पर्व्या. खाली घे.” बस! तेवढंच. मला वाटलं, सुटलो. नावं येईपर्यंत हिनं पाहिलंच नसावं.

तो दिवाही मी खाली घेतला नाही. एका परीक्षणात त्या चुकीच्या दिव्याची वाहवा झाली, की खेळणाऱ्याला क्षणभर गाफील ठेवण्याचं दिग्दर्शकाचं कसब. मग काय, मी तो तसाच राहू दिला.

काल मावशीनं मला खरं काय ते सांगितलं. तुम्ही अकरा दिवस रोज संध्याकाळी थोडं थोडं खेळलात म्हणे. शेवटच्या दिवशी कांताबाईंनाही बोलावलं होतं. तळाचं पाणी लागलं, नावं वर सरकायला लागली, मावशीनं चष्मा लावला. इंग्रजी तिला वाचता येत नाही, तरी लावला. नावं सरकत गेली, सरकत गेली, आणि अगदी शेवटी तू टीव्हीजवळ जाऊन एका ओळीवर बोट ठेवलंस. म्हणालीस, “हे पाह्य माय, या ओळीत मी आहो.”

मावशीनं देवापुढे साखर ठेवली त्या दिवशी.

तू गेल्यावर, तेरवीच्या दिवशी, तिनं कांताबाईंच्या सुनेला ती ओळ पुन्हा लावून वाचायला सांगितली. सुनेनं वाचली. त्याच दिवशी मी जेवून, हात जोडून संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलो होतो. त्या ओळीत तुझं नाव नाही हे मावशीला कळलेलं असूनही तिनं माझ्यासोबत वाटेसाठी डबा दिला होता, ताई! आणि कालपर्यंत एक शब्द काढला नाही.

आज सकाळी तिनं तुझी पत्र्याची पेटी उघडून त्या सात वह्या माझ्यापुढे ठेवल्या. मजल्यांचे नकाशे मी पाहिलेले होते. पण प्रत्येक वहीचं शेवटचं पान मी कधी उलटलंच नव्हतं. तिथं तू वर लिहिलंयस ‘चालणारे’, आणि खाली नावं. माय. बाबा. कांताबाई. रामदीन वॉचमन. जिन्यात डबे घेऊन येणाऱ्या काकू. पाचव्या वहीत अमोलचं पूर्ण नाव, आणि पुढे, ‘आता इथं नाही, पण पाण्याकडचं वळण त्याच्या सांगण्यावरून.’ एकदाच कळशी घेऊन चार पावलं चाललेल्या माणसाचंही नाव तू सोडलं नाहीस.

माझं नाव मी सातही वह्यांत शोधलं. नव्हतं. रागानं गाळलंस असं आधी वाटलं. मग आठवलं, मी कधी चाललोच नव्हतो. मी प्रत्येक वेळी बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेलो असायचो.

मग मी मावशीकडे खडू मागितला. तिसरी वही उघडून अंगणात तुझा तिसरा मजला काढला. दोनदा माप चुकलं, पुसलं, पुन्हा काढलं. गेममध्ये दिवा आहे तिथं स्वैपाकघरातली समई ठेवली. मावशीनं तुझं स्टूल आणून भिंतीशी मांडलं, पेन्सिल घेतली आणि मला कळशी दिली. “चाल,” म्हणाली.

सगळा नकाशा मला पाठ, ताई. स्वतःच्या हातानं काढलेला, पाच मिनिटांपूर्वी. तरी समई मागे टाकून दोन पायऱ्या उतरलो आणि वळणाशी माझा पाय अडला. डावीकडे की उजवीकडे? मी तिथंच उभा राहिलो. दोन पायऱ्या खाली, तू फोनवर सांगितलं होतंस अगदी तिथं. मला रडू आवरलं नाही.

मावशीनं ठिपका दिला, उठून समई उचलली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली. मग वहीचं शेवटचं पान काढून, आपल्या चौथीपर्यंतच्या अक्षरात, सगळ्या नावांखाली सावकाश माझं नाव लिहिलं.

आता तुला शब्द देतो. दुपारी स्मिताला फोन केला, नियम रद्द झाला. अमोललाही केला. तो म्हणाला, फार उशीर केलास. ते खरंच आहे. पुढच्या महिन्यात गेमची नवी आवृत्ती येते. तिच्यात मजल्यांची रचना म्हणून एकटं तुझं नाव असेल, आणि त्याच्याखाली तुझ्या सात वह्यांतले सगळे चालणारे. मावशीची एकच अट आहे, “मले वाचता आलं पाह्यजे.” म्हणून सगळी यादी मराठीत. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा खाली येईल. तो इतके दिवस वर का राहिला, हट्ट्याच्या बावडीत कोण उतरलं होतं आणि शेंगा कोण खात होतं, हे ज्या मंचावर टाळ्या घेतल्या त्याच मंचावरून सांगीन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

आणि ती आवृत्ती आली की मी इथं येईन. मावशी चष्मा लावून बसेल, कांताबाई असतील. नावं सरकायला लागली की उठून टीव्हीजवळ जाऊन कोणी बोट ठेवायची गरज पडणार नाही.

तुझा,
पर्व्या
(चालणाऱ्यांत सगळ्यात शेवटचा)