गेटवर राहिलेला कांदा

प्रिय आत्या,

काल नाशिकच्या विज्ञान महोत्सवातून अक्षरशः हात हलवत परत आले. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुलाच लिहितेय.

शाळेच्या पोरांना घेऊन गेले होते. पिशवीत आपल्या विंचूरचा एक लाल कांदा होता. गेटवरच्या सिक्युरिटीच्या बाईंनी तो काढून घेतला. "खायाचं काय बी आत न्यायचं नाय, ताई." विज्ञान महोत्सवात कांदा म्हणजे खाऊ! गावच्या शाळेतल्या तुझ्या विज्ञान जत्रेचा तर तोच मानकरी होता ना?

आठवतं? शाळेच्या व्हरांड्यात तुझा एकुलता सूक्ष्मदर्शक, ब्लेड, आयोडीनची बाटली आणि खडूने लिहिलेली पाटी, 'हात लावा'. पापुद्रा ज्याचा त्याने सोलायचा, हा तुझा नियम. पहिल्यांदा सगळ्यांना स्वतःच्या पापण्याच दिसायच्या. कांद्यात जन्म गेलेल्या एका आजीने डोळा लावला आणि ओरडली, "अगं बया, इटांची भित हाय की ही!" तू किती हसलीस! त्या दिवशी मीही ठरवलं, विज्ञानच शिकवायचं.

काल कांद्याच्या पेशी भल्यामोठ्या पडद्यावर होत्या. काचपट्टी तयार, विकतची. पुढे दोरी, 'हात लावू नये'. पोरं पाठ करून सेल्फी काढत होती. आपल्याच वर्गातल्या एकीने विचारलं, "हे काय आहे?" स्टॉलवरची ताई म्हणाली, "सेल. पुढे चला." आणि मीही पोरांना घेऊन पुढे चालले!

तुझा रागही येतो. शेवटच्या आजारपणात म्हणालीस, "जत्रा चालू ठेव." तुझा चिवटपणा कुठून आणायचा, ते नाही सांगितलंस! दोन वर्षांत बंद पडली. शाळेत ठरलं, शहरात एवढा मोठा महोत्सव होतो, मग आपलं कशाला? मी मान डोलावली. तुझी जत्रा मीच बुडवली, आत्या. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला बुरशी लागलीय.

निघताना कांदा परत मागितला. बाई ओशाळल्या. "भाकरीसंगं खाल्ला वो. ब्येस व्हता." अख्ख्या महोत्सवात कांद्याला हात लावणाऱ्या त्या एकट्याच!

पुढच्या वर्षी दोन कांदे नेईन, हा शब्द. एक बाईंच्या भाकरीला. दुसरा आत पोचेल असं मला वाटत नाही. तरी नेईन.

तुझी,
एकही पापुद्रा न फाडता सोलू न शकलेली,
बेबी