कडू पाव

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा कडुलिंबाचा लेप पोचला. बोटांच्या भेगा आहेत तशाच आहेत, पीठ मळताना डोळ्यांत पाणी येतं. तू घरातली वैद्य, म्हणून मुकाट्याने ऐकलं. रात्री लाव म्हणालीस, रात्री लावला. पण माझी रात्र म्हणजे भट्टीची वेळ! पुसला की झालं, असं वाटलं. सकाळी अख्ख्या गल्लीचं तोंड कडू. समोरच्या मास्तरांनी पाव परत आणला आणि आधी तू खाऊन दाखव म्हणाले.

हसू नकोस. हात बरे झाले नाहीत तर बेकरी सोडावी लागेल, आणि मला दुसरं काही येत नाही. भीती वाटते गं.

तुझा,
पावोबा

९ मार्च

चि. पावोबास अनेक आशीर्वाद.

पोट दुखेपर्यंत हसले. मग शेवट वाचला आणि जेवण गेलं नाही.

अरे शहाण्या, लेप झोपताना लाव, मग ती झोप दुपारची का असेना! आणि हात बरे होईपर्यंत ओल्या पिठाला शिवायचं नाही. दिवसरात्र ओले हात, वर तो साबण. माझा लेप काय डोंबल करणार? सूनबाईला मळू दे. तिला परातीजवळ फिरकू देत नाहीस, ठाऊक आहे मला.

रविवारी ये. हात बघितल्याशिवाय पुढचं औषध नाही. पू दिसला तर त्वचेच्या डॉक्टरकडे कान धरून नेईन.

काळजी करणारी,
आत्या

२० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू मार्चात त्या रविवारी बघितल्यास त्या भेगा भरत आल्या. पण भलताच घोळ झालाय. हिचा पाव माझ्यापेक्षा हलका होतो. मास्तर हल्ली दोन नेतात! मी आठवडाभर फुरंगटून बसलो होतो.

काल परातीशी गेलो, तर हिने साफ सांगितलं की आता पीठ सोडणार नाही. माझा चेहरा उतरला असणार. तिने माझे हात ओढून घेतले, उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, की अर्धं पीठ मला देणार, पण मी हातमोजे घालून मळायचं, आणि दुखलं की थांबायचं.

एकाच परातीत मळलं आम्ही. दुखलं नाही, आत्या. मला रडूच आलं. माझे दोन्ही हात पिठात होते, डोळे हिनेच पुसले.

अशीच रागावत राहा.

तुझा,
पावोबा